जुनी रीफर पिकअप घ्यावी का? (स्ट्रॉबेरी, भिलार ते वाशी)

बाळू_भिलार | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो. हा पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

भिलारला आमची दोन एकर स्ट्रॉबेरी आहे. विंटर डॉन जास्त, थोडी स्वीट चार्ली. शेजारच्या चार घरांचा मालही आम्हीच गोळा करून वाशीला पाठवतो. सकाळी तोडणी, दुपारपर्यंत पनेट (प्लास्टिकचे छोटे डबे) भरून पेट्या तयार, संध्याकाळी ताडपत्रीच्या पिकअपमध्ये लोड आणि पहाटे मार्केटात. डिसेंबर-जानेवारीत हे निभावून जातं. फेब्रुवारी अर्धा सरला की मात्र पसरणी घाट उतरून वाईत आल्याबरोबर हवा बदलते, आणि पहाटे पेटी उघडावी तर खालच्या थराला पाणी सुटलेलं. दलाल वरचं पनेट बाजूला करतो, खालचं एक फळ अंगठ्याने दाबतो, तोंडातून शब्द काढत नाही आणि भाव पाडतो. गेल्या मार्चमध्ये एका आठवड्यात सलग तीन गाड्यांचे निम्मेच पैसे हातात आले.

पुण्याला एक जुनी रीफर, म्हणजे थंड डब्याची पिकअप बघून आलोय. दीड टनी, एसी इंजिनवरच चालतो, मालक नऊ लाख म्हणतोय. वडील म्हणतात घेऊन टाक, रात्रभर एसीत फळ गार होईल. घ्यावी का? घेताना काय तपासावं? सरकारी अनुदान जुन्या गाडीला मिळतं का?

---

तांबडा_पांढरा | सोमवार, रात्री १०.०५

बाळू, स्वागत. मी कोल्हापुरात आइस्क्रीम आणि डेअरीच्या मालाचं वितरण करतो. माझ्याकडे तीन गाड्या आहेत. आधी एकच सांगतो, "रीफर" हा एकच शब्द असला तरी गाड्या दोन जातीच्या असतात. श्रीखंड-पनीरवाली गाडी शून्य ते पाचमध्ये चालते, आइस्क्रीमवाली उणे अठराच्या खाली. पुफचा थर (भिंतीतला गारवा धरणारा फोम), थंड करणारं युनिट, आतला गॅस, सगळं वेगळं. तू बघितलेली गाडी मूळ कशासाठी बांधली होती ते विचार. उणे अठराची असेल तर तुला फुकटची जाड भिंत मिळेल आणि वजन कमी भरेल. दही-दुधाची असेल तर तुझ्या कामाची.

---

केळीवाला_रावेर | सोमवार, रात्री १०.३१

स्ट्रॉबेरीचं माहीत नाही, आमचं दुखणं सांगतो. केळीला १३ डिग्रीच्या खाली नेलं की सालीत राखाडी झाक येते आणि पिकताना ती काळपट पडते. गर कधी कधी ठीक असतो, पण गिऱ्हाईक साल बघतं. एकदा आमच्या गाडीवर नवा ड्रायव्हर होता. आधी दुधाची गाडी चालवायचा. त्याने सवयीने ४ लावलं आणि झोपला. दिल्लीला पोचलेल्या मालाचं काय झालं ते विचारू नका. तेव्हा कुठल्या मालाला किती डिग्री ते गाडीच्या दारावर रंगवून ठेवा, तोंडी सांगू नका.

---

गारवा | मंगळवार, सकाळी ७.१५

मी भोसरीत रीफर युनिटच्या दुरुस्तीचं काम करतो, १४ वर्षं झाली. गाडी कशी तपासायची ते सांगतोच, पण आधी माझा एक प्रश्न. संध्याकाळी लोड करता तेव्हा फळ आतून किती डिग्रीचं असतं?

---

बाळू_भिलार | मंगळवार, दुपारी १.२०

मोजलेलं नाही दादा. हाताला गार लागतं. शेडमध्ये सावलीत ठेवतो.

---

गारवा | मंगळवार, रात्री ८.५०

तेच वाटलं होतं. हाताचं सोडून द्या. बाजारात काटेरी थर्मामीटर मिळतो, टोकदार सळी असते, ती फळाच्या पोटात घालून बघा. फेब्रुवारीत दुपारी भरलेलं पनेट २२-२४ डिग्रीला सहज असणार.

आता हिशेब करू. फळात पाणीच जास्त. एक टन माल २४ वरून २ वर आणायचा तर त्यातून साधारण २४ युनिट उष्णता बाहेर काढावी लागते (विजेच्या मीटरवरचं युनिट असतं तेवढीच ऊर्जा, समजायला सोपं जावं म्हणून). दीड टनी पिकअपवरच्या लहान युनिटची ताकद शून्य डिग्रीला दोन किलोवॉटच्या आसपास धरा. म्हणजे झाले बारा तास, आणि तेही भिंतीतून काहीच आत आलं नाही, दार उघडलं नाही आणि फळ स्वतः श्वास घेऊन उष्णता सोडत नाही असं धरून. भिलार ते वाशी किती? साडेसहा-सात तास. शिवाय पेट्या एकमेकींना चिकटून रचलेल्या, मधल्या पेटीपर्यंत वारा पोचतच नाही.

रीफर गाडी गार माल गार ठेवायला बांधलेली असते. गरम माल गार करणं तिच्या आवाक्यातलं नाही. त्याला प्रीकूलिंग लागतं, म्हणजे तोडणीनंतर दोन-तीन तासांच्या आत बंद खोलीत पंख्याने थंड वारा पेट्यांच्या भोकांतून *ओढून* घ्यायचा. तुमच्या वडिलांचा गैरसमज तो सगळ्यांचाच. माझ्याकडे महिन्याला दोन तरी गाड्या "कूलिंग कमी आहे" म्हणून येतात आणि युनिट ठणठणीत असतं.

---

सारथी_१४चाकी | मंगळवार, रात्री ११.४०

गारवासाहेबांशी सहमत. मी नाशिकच्या द्राक्षाचे कंटेनर न्हावाशेव्याला नेतो. तिथे पॅकहाऊसवर माणूस सळी घेऊन उभाच असतो. प्रीकूलिंग होऊन मण्याच्या आतलं टेंपरेचर ठरल्यापेक्षा वर दाखवलं तर माल चढवत नाहीत, परत आत ढकलतात. कंटेनरला मागून जेनसेट (वेगळा जनरेटर) लावलेला असतो, म्हणून इंजिन बंद झालं तरी थंडावा चालू. तुमच्या पिकअपचा एसी इंजिनच्या पट्ट्यावर. धाब्यावर जेवायला इंजिन बंद केलं की एसी बंद. वाशीच्या गेटवर रांगेत दोन तास उभे राहिलात तर? इंजिन चालू ठेवून डिझेल जाळणार की बंद करून माल?

आणि एक बोलतो, राग मानू नका. सगळे म्हणतात ड्रायव्हर एसी बंद करतो. करतो, मी पण केलाय पूर्वी. मालक डिझेल ॲव्हरेज लावून मोजून देतो, एसीचं वेगळं धरत नाही. घाटात लोड गाडी एसी चालू ठेवून चढवली तर गाडी ओढत नाही आणि डिझेल जास्त जातं. कमी पडलेलं डिझेल पगारातून कापतात. मग माणूस काय करणार? खंबाटकीला बंद केला, पुण्यात चालू केला, कुणाला कळतंय. एसीचं डिझेल वेगळं मोजून द्या, कुणी बंद करणार नाही.

---

तांबडा_पांढरा | बुधवार, सकाळी ९.१०

+१ सारथी. माझ्या गाड्यांत मी दोन वर्षांपासून तेच करतो. एसीचे तास मोजणारं मीटर लावलंय, तासाप्रमाणे डिझेल वेगळं. तक्रारी निम्म्यावर आल्या.

आइस्क्रीममध्ये चोरी लपत नाही. एकदा वितळून परत गोठलं की आत बर्फाचे खडे होतात, जिभेला कचकच लागते. दुकानदार कपाचं झाकण न उघडता नुसता अंगठा दाबून ओळखतो. (बाळूचा दलाल आणि माझा दुकानदार दोघे अंगठेबहाद्दर.)

शहरात फिरणाऱ्या माझ्या दोन गाड्यांत कॉम्प्रेसर रस्त्यावर चालतच नाही. छताला आणि बाजूला क्षाराचं पाणी भरलेल्या प्लेटा आहेत, युटेक्टिक म्हणतात. रात्री गाडी गोदामात प्लगला लावायची, प्लेटा गोठतात, दिवसभर त्याच गारव्यावर माल राहतो. इंजिन बंद असो की चालू, फरक नाही. पण दिवसात चाळीस दुकानं म्हणजे चाळीस वेळा दार. पट्ट्यांचा पडदा लावलाय तो पोरं कंटाळून वर बांधून ठेवतात. मी रोज सोडतो, ते रोज बांधतात.

---

मत्स्यगंधा | बुधवार, दुपारी ३.३०

मी रत्नागिरीची. नवरा मिरकरवाड्यावरून मासळी उचलतो, हिशेब आणि गाडी मी बघते. आम्ही रीफरचा पूर्ण विचार केला आणि सोडून दिला, ते का ते सांगते.

मासळीला कोरडी थंडी चालत नाही. रीफरचा वारा सुरमईची कातडी सुकवतो, डोळा आत जातो. बर्फात ठेवली तर ती शून्यावर राहते, ओली राहते आणि वितळतं पाणी वरचा चिकटा धुऊन नेतं. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढ्यात एक लिटर पाणी ८० डिग्रीवरून शून्यावर येईल. एवढा स्वस्त एसी दुसरा नाही! तेव्हा आम्ही नुसती पुफची बंद बॉडी घेतली, युनिट नाही, खाली पाणी जायला भोक. पुण्यापर्यंत बिनघोर जाते.

अनुदानाचं: मत्स्यव्यवसायासाठी २०२० पासून प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आहे. त्यात रेफ्रिजरेटेड गाडीचा खर्च २५ लाखांपर्यंत धरतात. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. फळवाल्यांसाठी फलोत्पादन अभियानातून आहे, ३५ टक्के, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं आणि रक्कम मागाहून कर्जखात्यात जमा होते, हातात येत नाही. जुनी गाडी दोन्हीकडे विसरा.

आणि हो, जुनी घेताना आत डोकं घालून वास घ्या. मासळीची गाडी एकदा मासळीची झाली की जन्माची. आमच्या गाडीत दुसरा कुणी माल भरायला तयार नसतो, परतीला रिकामीच येते.

---

कुतूहल | बुधवार, संध्याकाळी ६.०२

अवांतर: भिलार म्हणजे पुस्तकांचं गाव ना? तिथे क्रीमबरोबर जी स्ट्रॉबेरी देतात ती गाडीत न चढलेलीच म्हणायची. चालू द्या.

---

शीतसाखळी | गुरुवार, रात्री ९.२५

मी औषधांच्या वाहतुकीत आहे. आमच्याकडे बहुतेक लसी आणि इन्सुलिन २ ते ८ मध्ये. लोकांना वाटतं आम्हाला उन्हाची भीती. खरी धास्ती गोठण्याची. हेपॅटायटिस-बी किंवा त्रिगुणी लस एकदा गोठली की वाया, आणि वितळल्यावर नुसतं बघून सांगता येत नाही. बाटली हलवून गाळ कसा बसतो ते तपासावं लागतं. म्हणून नवी गाडी आली की आम्ही आधी रिकामी आणि मग भरलेली, अशी दोनदा तिची "मॅपिंग" करतो. कोपऱ्यांत, दाराजवळ, छताखाली, युनिटच्या तोंडाशी असे दहा-बारा सेन्सर टांगून चोवीस तास. प्रत्येक गाडीत एक कोपरा असा निघतोच की जिथे काहीही ठेवू नये.

आठवत असेल, १२ जानेवारी २०२१ ला पहाटे मांजरीच्या सीरमच्या आवारातून कोव्हिशिल्डचे पहिले ट्रक निघाले तेव्हा त्यांची पूजा केली होती. टीव्हीवर सगळ्यांनी हार बघितले. मी आणि माझे सहकारी दाराच्या रबराकडे बघत होतो!

बाळूला सूचना. स्ट्रॉबेरी उणे एकच्या जरा अलीकडे गोठते. "लवकर गार होईल" म्हणून ड्रायव्हर सेटिंग उणे पाचवर नेतात. त्याने गार होण्याचा वेग फारसा वाढत नाही, पण युनिटच्या तोंडाशी असलेल्या पेट्या गोठतात आणि दाराजवळच्या गरमच राहतात. पुढचं फळ काचेसारखं, मागचं पिचपिचीत. आणि डॅशबोर्डवरचा आकडा डब्यातून युनिटकडे परत येणाऱ्या हवेचा असतो, फळाचा नव्हे. दोन डेटा लॉगर घ्या, टेंपरेचर नोंदवत राहतात, पेनड्राइव्हसारखे येतात. एक मधल्या पेटीत, एक दाराजवळ.

---

गारवा | शुक्रवार, सकाळी ६.५०

आता गाडी तपासणं. मी स्वतः काय करतो ते लिहितो.

भर दुपारी आत जाऊन बसा, बाहेरून दार लावायला सांगा (बाहेर विश्वासाचा माणूस ठेवा, आतून उघडायची कडी चालते का तेही कळेल). कुठून उजेड दिसला तर तिथून गारवा जाणार. मग दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर गेलं. असं चारी बाजूंनी करा. जमिनीवर टाच आपटत फिरा. कुठे पोकळ किंवा लुसलुशीत लागलं तर पुफमध्ये पाणी शिरलंय. ओला पुफ गारवा धरत नाही आणि वजन वाढवतो. ते दुरुस्त होत नाही, पॅनेलच बदलावं लागतं. बॉडीचं दुखणं युनिटपेक्षा महाग, हे लक्षात ठेवा.

युनिट: रिकामी गाडी चालू करून २ डिग्रीला यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा, मग बंद करून किती वेगाने चढते ते बघा. दुसरी परीक्षा जास्त महत्त्वाची आणि विकणारा नेमकी तीच करू देत नाही. पाइपांच्या सांध्यांवर तेलकट डाग असेल तर गॅस गळतोय. पाणी जायची नळी फुंकून बघा. तुंबली की पावसाळ्यात कॉइलवर बर्फाचा गोळा होतो आणि वारा बंद. रात्री प्लगला लावायची सोय आहे का? नसेल तर सारथींनी विचारलेल्या वाशीच्या रांगेला उत्तर नाही.

कागद: आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय ते वाचा. साध्या पिकअपवर नंतर डबा चढवलेला असेल आणि आरटीओत नोंद नसेल तर गाडीतला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो, विम्यालाही फाटा. डबा आणि युनिटचं वजन वजा जाता दीड टनीत दीड टन बसत नाही, हेही धरा. शिवाय दुसऱ्यांचा माल भाड्याने नेणार असाल तर अन्नसुरक्षेची, एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागेल.

---

बाळू_भिलार | शुक्रवार, रात्री १०.१५

मंडळी, खूप आभार. दहाची नोट घेऊन आजच पुण्याला गेलो. उजव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यातून नोट आपसूक निघाली. मालक म्हणाला रबर बदलून देतो. दुसरी परीक्षा करू का विचारलं तर त्याला एकाएकी लग्नाला जायचं होतं.

गाडी तूर्त थांबवलीय. वडिलांना २४ युनिटांचा हिशेब वाचून दाखवला. ते म्हणाले, "हा माणूस शेतकरी आहे का?" आधी खात्री करून घेतो म्हटलं.

---

बाळू_भिलार | १६ दिवसांनी, रविवार, दुपारी ४.३०

खात्री केली. उशीर झाला, तोडणीची घाई होती.

पाचगणीतल्या एका ओळखीच्यांची थंड खोली आहे, ती एका दिवसापुरती मागितली. रीफर पिकअप भाड्याने घेतली. अर्ध्या पेट्या सकाळी अकराला खोलीत लावल्या. मधे बोळ सोडून दोन्हीकडे भिंतीसारख्या रचल्या, वरून ताडपत्री आणि टोकाला पंखा, गारवादादांनी सांगितल्यासारखं ओढणारा. उरलेल्या अर्ध्या नेहमीसारख्या शेडमध्ये. दोन लॉगर.

साडेसहाला लोड करताना सळी घातली. खोलीतलं फळ ३, शेडमधलं २२. गाडी आधी तासभर चालवून गार केली होती, सेटिंग २, आणि ड्रायव्हरला एसीचं डिझेल वेगळं दिलं (सारथीदादा, ऐकलं). गार पेट्या पुढे, गरम मागे, मधे थर्माकोलचा पडदा.

वाशीला पहाटे पावणेदोनला उघडली. गार पेट्या ५ वर, गरम पेट्या १७ वर. म्हणजे सात तासांत एसीने २२ चे १७ केले. लॉगरची रेघ वडिलांना मोबाइलवर दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे पैसे खोलीला घालायचे."

पण एक फटका बसला तो सांगतो. गार पेट्या फलाटावर उतरवल्या आणि वाशीची दमट हवा लागताच पनेटच्या आत दव धरलं. दलाल म्हणाला, पाणी मारून आणलंय का? त्याला लॉगर दाखवला, तो हसला. अर्ध्या तासात दव सुकलं, फळ दाबून कडक निघालं, भाव नेहमीचा मिळाला. गरम पेट्यांचा त्याने आपल्या अंगठ्याने निकाल लावला. या दवाचं काय करायचं?

---

शीतसाखळी | रविवार, संध्याकाळी ७.४०

वा! धाग्यावर विचारून परत येऊन आकडे सांगणारा पहिलाच माणूस बघितला.

दव टाळायचं तर फळ गार आणि हवा दमट, ही गाठ पडू द्यायची नाही. थेट दुकानाच्या थंड खोलीत उतरवणारा खरेदीदार मिळाला तर उत्तम. नाहीतर पेट्यांचा पूर्ण ढीग प्लास्टिकने झाकून उतरवा. दव प्लास्टिकच्या बाहेरून धरेल, आतलं फळ कोरडं राहील. फळ बाहेरच्या हवेच्या टेंपरेचरला आल्यावरच प्लास्टिक काढा.

---

मत्स्यगंधा | रविवार, रात्री ८.१२

बाळू, खोली पाच घरांनी मिळून करा. एकट्याच्या दोन एकरांवर ती हंगामात अर्धी रिकामीच राहील. आणि विजेचा विचार आधी, मग पंख्याचा.

---

बाळू_भिलार | रविवार, रात्री ९.३०

हो ताई, बोलणं चाललंय. चार घरं तयार आहेत, पाचवं म्हणतंय आधी तुमचं बघतो. गाडी यंदा भाड्याचीच. स्वतःची घेतली तर हंगाम उतरल्यावर मे ते नोव्हेंबर तिच्यात काय भरणार, या प्रश्नापाशी घोडं अडलंय.

---

तांबडा_पांढरा | रविवार, रात्री ९.५५

आणि माझं घोडं उलट्या बाजूने अडतं. गुढीपाडव्याच्या आधीचे आठ दिवस श्रीखंडाला गाडी मिळत नाही, मे महिन्यात दही-ताकाला मिळत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत माझी ४ डिग्रीवाली गाडी गोदामासमोर उभी असते. पाडवा तुझ्या हंगामाच्या शेपटावर येतो, तेवढे आठ दिवस भांडावं लागेल. बाकी जमेल. गाडीत मासळी कधी चढलेली नाही, वास घेऊन बघ हवा तर. व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

---

बाळू_भिलार | रविवार, रात्री १०.०३

बघितला. दहाची नोट घेऊन गुरुवारी कोल्हापुरात येतो.